मगरीचं फॉसिल कसं ओळखायचं आणि त्यावरून काय कळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा संपून नदीचं पात्र उघडं पडलं की मोबाईलवर फोटो यायला लागतात. कुणाला दात सापडलेला असतो, कुणाला "डायनासोरचं हाड", आणि खाली प्रश्न ठरलेला, "सर हे मगरीचं आहे का?" बहुतेक वेळा ती म्हशीची दाढ निघते, पण सगळ्या वेळा नाही. प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळा आला म्हणून इथं एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

मगर म्हणताय, पण नेमकी कोणती? मगर आणि सुसर एकच ना?

बोलताना आपण दोन्ही शब्द कसेही वापरतो, त्यामुळे घोळ होतो. आज भारतात तीन जाती आहेत. एक आपली नेहमीची मगर, जी सांगलीला कृष्णेत आणि चिपळूणला वाशिष्ठीत दिसते. दुसरी लांब चिमट्यासारख्या तोंडाची घडियाल, चंबळ-गंगेकडची, तिला मी इथं सुसर म्हणणार आहे. तिसरी खाऱ्या पाण्यातली, ओडिशा-सुंदरबनकडची. फॉसिलचं बघायला गेलं तर हे खानदान २० कोटी वर्षांपेक्षाही जुनं आहे, आणि त्यात अशी अशी मंडळी होऊन गेलीत की आज कुणी त्यांना मगर म्हणणार नाही. लांब पायांवर जमिनीवर पळणारी होती, समुद्रात राहून पायांची वल्ही आणि माशासारखी शेपटी झालेली होती. मादागास्करची सिमोसुकस तर जेमतेम पाऊण मीटरची, आखूड चपट्या तोंडाची, दात लवंगेसारखे, आणि बहुतेक पाला खाणारी. त्यामुळे "मगर कोट्यवधी वर्षांत बदललीच नाही" हे जे फॉरवर्ड फिरत असतं ना, ते सोडून द्या.

दात सापडलाय. मगरीचा आहे की नाही हे कसं बघू?

आधी चावायची सपाट बाजू आहे का बघा. वरून पाहिल्यावर घड्या, चंद्रकोरी, रेघा दिसत असतील तर ते गाय, म्हैस, घोडा असलं काहीतरी आहे, विषय संपला.

मगरीचा दात शंकूसारखा असतो, टोकाकडे किंचित आत वळलेला. बोट फिरवलं तर दोन समोरासमोरच्या धारा लागतात, त्या धारा दाताला जणू दोन भागात वाटून टाकतात, आणि भिंगातून बघितलं तर बऱ्याचदा पृष्ठभागावर वरपासून खालपर्यंत बारीक सुरकुत्या दिसतात. पण सगळ्यात कामाची खूण बुडाशी असते. दात उलटा करून बघा, आत पोकळी दिसेल. मगरीला आयुष्यभर नवे दात येत राहतात आणि नवा दात जुन्याच्या पोकळीतच वाढतो, एकात एक ठेवलेल्या आईस्क्रीमच्या कोनसारखा. नशीब असेल तर फॉसिलमध्ये पोकळीत बसलेला पिल्लू दातही सापडतो.

आता यातून एक गोष्ट निघते जी लोक विसरतात. एकच मगर आयुष्यात हजारो दात पाडते, म्हणून एका जागी शंभर दात सापडले म्हणजे शंभर मगरी होत्या असं अजिबात नाही. शिवाय मूळ झिजून गेलेला नुसता वरचा भाग सापडला तर तो जिवंत जनावराने टाकलेला दात असतो, म्हणजे मगर तिथं मेली नाही, फार तर तिथं जेवली.

एकाच तोंडात पुढचे दात टोकदार आणि मागचे बुटके, बोथट असं असू शकतं, तेव्हा दोन वेगळे दात म्हणजे दोन जाती असं लगेच ठरवू नका. सुसरीचे मात्र जवळपास सगळे बारीक, लांबट, शंभराच्या वर.

आणि खरा त्रास कुठं आहे तर चपट्या, करवतीसारख्या धारेच्या दातांत. जमिनीवर शिकार करणाऱ्या काही मगरींचे दात असेच होते, मांसाहारी डायनासोरचेही असेच. सुटा दात हातात असेल तर भलेभले चकतात, मी तर अशा फोटोवर मत देतच नाही.

चपटं हाड आहे, वर खड्डेच खड्डे. कासवाची पाठ का?

असू शकते, पण मगरीच्या पाठीवरची हाडाची ढाल असण्याचा चान्स चांगला आहे. मगरीच्या कातडीत हाडांचे तुकडे असतात, फरशा बसवल्यासारखे रांगेत. वरच्या बाजूला गोलसर खोल खड्डे, एखाद्या सुरईवर बोटं दाबून नक्षी केल्यासारखे, बऱ्याचदा मधून एक कणा गेलेला, आणि खालची बाजू गुळगुळीत, नीट बघितलं तर त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तंतूंच्या रेषा.

मऊ पाठीच्या कासवाच्या हाडावरही नक्षी असते पण ती खड्ड्यांपेक्षा वळवळणाऱ्या नागमोडी कंगोऱ्यांसारखी, आणि तुटलेल्या कडेला प्लायवूडसारखे थर दिसतात. मोठ्या शिंगाळ्यासारख्या माशांच्या डोक्याचं हाडही फसवतं, त्यावर बारीक दाण्यांचा खरखरीतपणा असतो. आणि खडक खूप जुना असेल तर चौथा संशयित येतो, चपट्या डोक्याचे मोठे उभयचर. त्यातलं एक तर आपल्याच विदर्भातलं आहे, मांगलीला सापडलेली कवटी, जिला इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स नाव दिलं. ट्रायासिक, म्हणजे २० कोटी वर्षांहून जुन्या काळातला प्राणी आहे तो. डोक्याच्या हाडावर नक्षी, तोंड रुंद, पाण्यात पडून राहायची सवय, सगळं मगरीसारखं आणि नातं बेडकांच्या बाजूचं.

मणका मिळालाय. त्यावरून कळतं का?

हो, आणि मला विचाराल तर दातापेक्षा मणका जास्त इमानदार. आजच्या मगरींच्या बहुतेक मणक्यांना पुढून वाटी आणि मागून गोळा असतो, एकाचा गोळा दुसऱ्याच्या वाटीत. दोन्हीकडून खोल वाट्या असतील तर आधी मासा धरा. जुन्या, म्हणजे ज्युरासिक वगैरे डायनासोरांच्या काळातल्या मगरींचे मणके मात्र दोन्हीकडून किंचित खोलगट असतात, म्हणून खडकाचं वय माहीत नसताना नुसत्या वाटी-गोळ्यावरून निकाल देऊ नये. सरडे आणि सापांचेही वाटी-गोळावाले असतात, पण सापाच्या मणक्याला एकमेकांत अडकणारे जास्तीचे खटके असतात, एकदा बघितले की लक्षात राहतात.

अजून एक मजा. मणक्याचा खालचा गोल भाग आणि वरची कमान लहानपणी वेगळ्या असतात, मध्ये शिवण दिसते. ही शिवण शेपटीकडून बुजायला लागते आणि मानेकडे सगळ्यात शेवटी बुजते, म्हणून मानेच्या मणक्यात शिवण बुजलेली असेल तर जनावर पूर्ण वाढलेलं होतं. आकाराने लहान पण शिवण बुजलेली, म्हणजे ते पिल्लू नव्हे तर लहान चणीची जात. नाहीतर लोक प्रत्येक छोट्या हाडाला पिल्लू ठरवून मोकळे होतात.

लांब चिमट्यासारखा जबडा आहे, मग सुसरच ना?

इथं थांबा. लांब बारीक तोंड ही मासे पकडायची युक्ती आहे, आणि ही युक्ती वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या काळात आपापली शोधली.

याचं बेस्ट उदाहरण म्हणजे पॅरासुकस. नागपूरला स्टीफन हिस्लॉप म्हणून मिशनरी होते, ज्यांच्या नावाचं तिथं कॉलेज आहे, त्यांना दगडांचा भारी नाद. विदर्भ आणि खाली गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत त्यांनी फॉसिल्स गोळा केली, आणि १८६३ मध्ये पूर आलेला ओढा ओलांडताना बुडून गेले. आजच्या तेलंगणातल्या मालेरी गावाच्या भागात सापडलेल्या एका प्राण्याला पुढे फॉसिलचे अभ्यासक लायडेकर यांनी १८८५ मध्ये पॅरासुकस हिस्लॉपी नाव दिलं. लांब तोंड, शंकूसारखे दात, पाठीवर ढाल, लांबून बघितलं तर सुसरच. पण ती मगर नाही, फायटोसॉर नावाच्या वेगळ्या गटातली आहे, साधारण २२ कोटी वर्षांपूर्वीची. ओळखायची खूण सोपी आहे, नाकपुड्या बघा. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात आणि फायटोसॉरच्या थेट डोळ्यांच्या पुढ्यात, वर. नंतर याच भागात पूर्ण सांगाडेही मिळाले, आणि १९७८ मध्ये शंकर चॅटर्जी यांनी त्यांचं सविस्तर वर्णन केलं.

मगरींच्या आतही हाच वाद आहे. इंडोनेशिया-मलेशियाची टोमिस्टोमा नावाची लांब तोंडाची मगर आणि आपली सुसर, हाडं बघणारे म्हणायचे लांबचं नातं, डीएनए बघणारे म्हणतात सख्खी भावंडं. दोघांचं भांडण पूर्ण मिटलेलं नाही पण पारडं डीएनएकडे झुकलंय.

हे फॉसिल आहे की मागच्या वर्षी मेलेल्या मगरीचं हाड?

वजन बघा, फॉसिल दगडासारखं जड लागतं आणि टिचकी मारली की खणखणतं. ताजं हाड हलकं, पांढरट किंवा पिवळट, आणि थोडंसं जाळलं तर केस जळल्याचा वास येतो (पण जाळू नका प्लीज). जिभेला चिकटतं का बघायची जुनी टेस्ट आहे, ती सच्छिद्र हाड आणि साधा दगड यातला फरक दाखवते, वय सांगत नाही, आणि नदीतली वस्तू जिभेला लावायची की नाही तुमचं तुम्ही बघा.

एक महत्त्वाचं. हाड ताजं असेल तर ते घरी आणू नका. मगर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिचा दात सुद्धा जवळ बाळगणं गुन्हा ठरू शकतो. सरळ वनविभागाला फोन करा.

शिवालिकमध्ये ६० फुटी मगर होती म्हणतात, खरं का?

रँफोसुकस. व्हिडिओवाल्यांची लाडकी. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत जबड्याचे आणि दातांचे तुकडे मिळाले, त्यावरून जुन्या लोकांनी १५ ते १८ मीटर असा अंदाज बांधला, आणि तोच आकडा अजून फिरतोय. २००१ मध्ये पुन्हा मोजमाप करून अंदाज ८ ते ११ मीटरवर आला. तरी भयंकरच आहे हो, पण ६० फूट नाही. असे आकडे फुगतात कशाने, तर जबड्याच्या तुकड्यावरून आख्खं जनावर काढताना कुठल्या जिवंत मगरीचं प्रमाण लावलं त्यावर सगळं अवलंबून असतं, आणि लांब तोंडवालीला आखूड तोंडवालीचं गणित लावलं की मीटरचे मीटर वाढतात.

या प्राण्याचं पहिलं वर्णन १८४० च्या सुमारास फाल्कनर आणि कॉटली यांनी केलं. फाल्कनर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख, कॉटली कालवे खोदणारे इंजिनिअर, ज्यांनी पुढे गंगा कालवा बांधला. दोघांना फॉसिल मिळत होती पोत्याने, पण पडताळून बघायला जवळपास म्युझियमच नव्हतं. मग त्यांनी काय केलं, आसपासच्या जंगलातले आणि नदीतले जिवंत प्राणी मारून त्यांचे सांगाडे साफ केले आणि तेच शेजारी ठेवून फॉसिल ओळखली. आज असलं करता येणार नाही आणि करूही नये, पण पद्धत तीच आहे, हाडाशेजारी हाड ठेवल्याशिवाय ओळख पटत नाही.

मगर सापडली म्हणजे तिथं नदी होती, बरोबर?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि उत्तर नेहमी गृहीत धरून विचारतात. माझं उत्तर: कदाचित.

आधी हे बघा की हाड तिथलंच आहे का वाहून आलंय. दात आणि पाठीच्या ढाली टणक असतात, नदी त्यांना लोळवत लांब नेते, कडा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर तो प्रवासी आहे, त्याच्यावरून त्या जागेबद्दल काही बोलू नका. हाडं एकमेकांना जोडलेली, जबडा, मणके, ढाली एकत्र असतील तर मग जनावर तिथंच गाडलं गेलं.

मग येतो प्रकार. आज सुसर म्हणजे मोठी, वाहती, भरपूर माशांची नदी, बाजूला वाळूचे किनारे. म्हणून शिवालिकच्या थरांत सुसरीच्या भाऊबंदांची फॉसिल मिळतात तेव्हा मोठ्या बारमाही नद्यांचं चित्र उभं राहतं, आणि तिथले वाळूचे जाड थरही तेच सांगतात, म्हणजे दोन साक्षीदार झाले. पण हाच नियम डोळे झाकून लावला की आपटतो. कॅरिबियनमधल्या पोर्टो रिकोला सुसरीच्या घराण्यातलं एक फॉसिल मिळालंय, अॅक्टिओगेव्हिअॅलिस, आणि ते समुद्रकिनाऱ्याच्या थरांत. म्हणजे या घराण्यातले जुने लोक खाऱ्या पाण्यात फिरत होते, समुद्र ओलांडत होते. आजच्या सुसरीची सवय तिच्या खापरपणजीवर लादता येत नाही.

लांब कशाला, गोव्यात बघा. मगर गोड्या पाण्यातली म्हणून आपण शिकतो, पण मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात मगरी आरामात राहतात. तिकडे काही गावांत चिखलाची मगर करून पुजतात, माणगे थापणी म्हणतात त्याला. समजा १० लाख वर्षांनी कुणी तिथं खोदलं आणि म्हटलं "मगर सापडली, इथं गोडं पाणी होतं", तर चुकलं ना! पण त्याच थरात खाडीतले शिंपले आणि खारफुटीचे परागकण मिळाले तर बिचारा वाचेल. मगर एकटीने बोलत नाही, शेजाऱ्यांना विचारायला लागतं.

(जाता जाता, मगरींना जास्तीचं मीठ बाहेर टाकायला ग्रंथी असतात पण त्या जिभेवर, डोळ्यात नाहीत. अमेरिकन अॅलिगेटरच्या, म्हणजे मगरीच्या तिकडच्या चुलतभावाच्या, तसं काम करत नाहीत म्हणून तो खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही. नक्राश्रूंचा याच्याशी संबंध नाही.)

मग मगरीवरून खात्रीने कळतं तरी काय?

हिवाळा! मला तर मगर ही पाण्याच्या खुणेपेक्षा थर्मामीटर म्हणून जास्त भरवशाची वाटते. ती स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही आणि मोठी असल्याने छोट्या सरड्यासारखी कुठल्याही फटीत लपू शकत नाही. आजच्या मगरी जिथं जिथं राहतात ते हवामान बघून १९९८ मध्ये एक हिशोब मांडला गेला, वर्षाचं सरासरी तापमान साधारण १४ अंश सेल्सिअसच्या वर आणि सगळ्यात थंड महिन्याची सरासरी साडेपाच अंशांच्या वर पाहिजे.

आता हे घेऊन कॅनडाच्या एल्समिअर बेटावर जा. उत्तर ध्रुवाच्या जवळ, आज बर्फ आणि हिवाळ्यात कित्येक महिन्यांचा काळोख. तिथं ५ कोटी वर्षांहून जुन्या थरांत अॅलिगेटरच्या घराण्यातली फॉसिल मिळाली आहेत, कासवांसोबत. काळोख तेव्हाही होताच, पृथ्वी काही जागेवरून हलली नव्हती, पण पाणी गोठत नव्हतं. वर्षाची सरासरी इतर पद्धतींनीही काढता येते, हिवाळा किती सौम्य होता हे सांगणारे साक्षीदार मात्र थोडे असतात, आणि त्यात मगर पहिल्या नंबरवर.

उलटं मात्र करू नका. मगर सापडली नाही म्हणजे थंडी होती असं होत नाही, कदाचित तिथं पाणी नसेल, कदाचित अजून कुणी नीट शोधलंच नसेल.

दाताचं लॅबमध्ये काय करतात?

इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, त्यातल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजतात. मगर ज्या पाण्यात राहते त्याची सही तिच्या दातात उतरते, त्यावरून नदी-तळ्याच्या पाण्याचा अंदाज येतो. महागडं काम आहे आणि दाताचा थोडा भाग खरवडावा लागतो.

हाडांवर चावल्याच्या खुणा आहेत, मगरीच्या असू शकतात का?

वर सांगितलं ना दाताला दोन धारा असतात, त्या इथं उपयोगी पडतात. मगर चावली की हाडावर खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यातून आरपार एक रेघ जाते, धारेची. तरस किंवा वाघाच्या दाताने अशी रेघ पडत नाही. शिवाय मगर चघळत नाही, पकडते, पिळते, गिळते, त्यामुळे कुरतडलेली टोकं कमी आणि खड्डे, ओरखडे जास्त.

टांझानियातल्या ओल्डुवाईला माणसाच्या पूर्वजांच्या पायाच्या हाडांवर अशा खुणा मिळाल्या आहेत. तिथल्या साधारण १८ लाख वर्षांपूर्वीच्या मगरीला २०१० मध्ये नावच दिलं क्रोकोडायलस अँथ्रोपोफेगस, म्हणजे माणूसखाऊ. पाणी प्यायला वाकणं तेव्हाही धोक्याचंच होतं.

आणि पोटात गेलेलं? मगरीचं पोट म्हणजे अॅसिडची टाकी. गिळलेल्या दातांचं इनॅमल विरघळून जातं आणि आतला भाग राहतो, म्हणून इनॅमल नसलेले छोटे सस्तन प्राण्यांचे दात मिळाले तर मगरीवर संशय घ्यायला जागा आहे. शेणाचे गोळे, म्हणजे त्यांची फॉसिल हो, त्यातही हाडाचे तुकडे फार दिसत नाहीत.

मगरीची अंडी फॉसिल होतात का?

होतात, आणि भारी उदाहरण जबलपूरचं आहे. नर्मदेकाठी लमेटा घाटावर लांब मानेच्या डायनासोरांनी अंडी घातलेली जागा आहे, आणि त्याच परिसरात मगरीचं घरटं सापडल्याचा पेपर २०१५ मध्ये आला. टरफल पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की मगरीच्या टरफलात पाचरीसारखे त्रिकोण दिसतात आणि डायनासोरच्या जाड टरफलात वेगळी रचना. घरटं वाहून येत नाही हे त्याचं मोल. दात प्रवासी असू शकतो, घरटं तिथलंच.

मगर किती वर्षांची होती ते कळतं?

पाठीची ढाल कापली की झाडासारखी वर्तुळं दिसतात. आतली जुनी वर्तुळं हाड बदलताना पुसली जातात म्हणून वय कमीत कमी इतकं, असंच सांगता येतं.

महाराष्ट्रात शोधायचं तर कुठं?

सह्याद्रीच्या काळ्या कातळात नाही. तो लाव्हा आहे, त्यात हाड कसं सापडणार. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जे तळ्यांचे पातळ गाळ अडकलेत तिथं चान्स आहे. विदर्भात चंद्रपूरकडे पिजदुऱ्याच्या आसपास डायनासोरच्या काळातले थर आहेत, गडचिरोलीत सिरोंचाकडे त्याहून जुने. आणि गोदावरी, मांजरा वगैरे नद्यांच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल असल्यांची हाडं निघतात, अशा गाळात मगरीचा दात निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

सापडलं तर नेमकं काय करू?

उचलू नका, आधी फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा, नसेल तर दहाचं नाणं, पण काहीतरी ठेवा, नाहीतर हत्तीचा मणका आणि उंदराचा मणका फोटोत सारखेच दिसतात. एक फोटो जवळून, एक थोडा लांबून ज्यात थर दिसेल, आणि मोबाईलमधलं लोकेशन चालू ठेवा. दात असेल तर बुडाचा फोटो, मणका असेल तर पुढून आणि मागून. नंतर जवळच्या कॉलेजचा भूगर्भशास्त्र विभाग किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, त्यांचं मध्य विभागाचं ऑफिस नागपूरला आहे.

आणि पूर येऊन वाहूनच जाणार असेल, उचलावंच लागलं, तर वर्तमानपत्रात गुंडाळा, सोबत चिठ्ठी टाका कुठं, कधी, कुठल्या थरात. घासू नका, अॅसिडने धुऊ नका, वॉर्निश मारू नका. तुकडे झाले तर तुकडेच आणा, फेव्हिक्विकने जोडून आणलेला जबडा मी एकदा बघितलाय, दात उलटे बसवले होते.